मैनाबाईचं औषध

टेंभुरधऱ्याच्या मैनाबाईचं हसणं एके काळी दोन वावरं ओलांडून ऐकू यायचं. मारेगाव तालुक्यातलं हे गाव लहानच, कापूस-तुरीचं. वेचणीला बायांची रांग लागली की मैनाबाई कुठं आहे ते शोधावं लागत नसे. हसू आलं की ती ओटीतला कापूस दोन्ही हातांनी धरून हसायची, आणि तिच्या हसण्याला बाकीच्या हसायच्या. नवरा भगवानराव अबोल. दोघांच्या वाट्याचं ती एकटीच बोलून टाकते, असं गाव म्हणायचं. एकुलता एक मुलगा रजत आईच्या वळणावर गेला होता. शेतीत त्याचं मन लागलं नाही. मारेगावात मुजफ्फरचं दुकान आहे, जळालेल्या पंपाच्या मोटारींना तिथं नवी तार भरून देतात. रजत तिथं काम शिकला आणि तिथंच राहिला. मुजफ्फर मालक, पण दुपारचा डबा दोघं एकाच कागदावर ओतून खायचे.

मैनाबाईचं दुखणं एका हिवाळ्यात सुरू झालं. सकाळी तोंडावर पाणी मारलं आणि डाव्या गालात वीज पडली. दुसरा शब्द तिला कधी सापडला नाही. कानापासून हनुवटीपर्यंत लख्खकन काहीतरी जायचं आणि ती जिथं असेल तिथं गाल धरून खाली बसायची. दाताचं असेल म्हणून एक दाढ काढली. वीज पडायची ती पडतच राहिली. मग शेजारची काढली. दोन्ही दाढा धडधाकट होत्या, हे पुढं कळलं. भाकर सुटली, मग चावायचं म्हणून जे जे होतं ते सगळं सुटलं. वारा लागला तरी दुखायचं, म्हणून वैशाखातही तोंडाला दुपट्टा. ओठ हलले तरी दुखायचं, म्हणून बोलणं कमी झालं. हसणं तर त्याच्याही आधी गेलं होतं.

रजतनंच तिला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कापसाचं टोक गालाला नुसतं टेकवलं, तर मैनाबाई किंचाळली. बाई म्हणाल्या, दाताचा काही संबंध नाही, चेहऱ्याची शीर बिघडली आहे. आधी साध्या गोळ्या दिल्या. त्यांनी चक्कर आली, दुखणं गेलं नाही. शेवटी त्यांनी शमोलीन नावाचं औषध लिहिलं. छोटी तपकिरी बाटली, तिला लाल पट्टी. आत पाण्यासारखं निर्मळ, किंचित गोडसर वासाचं. सकाळी तीन थेंब, तेही पेलाभर पाण्यात. बाईंनी मायलेकांना समोर बसवून नीट समजावलं, की हे शिरेला झोपवणारं औषध आहे. थेंबाथेंबानं घेतलं तर शीर झोपते. जास्त गेलं तर छातीसुद्धा झोपते आणि माणूस श्वास घ्यायचा विसरतो. बाटली कुलपात ठेवा, कोणाला पिऊ देऊ नका.

परतताना एसटीत रजत म्हणाला, आई, तुह्यं औषध तर आपल्या फवारणीच्या औषधाचा बाप हाये. ती दुपट्ट्याआड हसायला गेली आणि तेवढ्यानंही गाल धरून बसली.

शमोलीननं मात्र गुण दिला. आठवडाभरात वीज पडायची थांबली. मैनाबाई पुन्हा भाकर खाऊ लागली, वेचणीला जाऊ लागली. पण डावा गाल लाकडासारखा झाला. त्याच्यावर माशी बसलेली तिला दुसऱ्या बाईनं सांगावी लागे. भाजीत तिखट किती पडलं ते कळेना. आणि आणखीही काहीतरी बोथट झालं होतं, त्याला नाव देता येत नव्हतं. बाया हसल्या की तीही हसायची, पण मागाहून, बघून बघून. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मन जरा जड राहतं या औषधानं, चालवून घ्या. मैनाबाईनं चालवून घेतलं. वीज पडलेल्या माणसाला जड मन काय मोठं?

पहिलं वर्षभर बाटली पेटीत कुलपाखाली होती. मग रोज सकाळी चावी शोधायचा कंटाळा आला, आणि बाटली पेटीवर आली. पेटीवरून ती चुलीजवळच्या कोनाड्यात आली. घरात लहान लेकरू नव्हतं. तिघं मोठी माणसं, तिघांनाही ठाऊक होतं. महिन्याची नवी बाटली यवतमाळहून रजतच आणायचा.

रजतचं लग्न ठरलं मुकुटबनच्या सलोनीशी. मुलगी तिथल्या सेतू केंद्रात दाखले काढून द्यायचं काम करायची. साखरपुडा झाला होता, लग्न कापूस निघाल्यावर. रजत दिवसाकाठी कितीदा तिच्याशी फोनवर बोलायचा ते भगवानरावांनाही ऐकू जायचं आणि ते खाकरून बाहेर निघून जायचे.

दुसऱ्या वेचणीच्या सुमारास रजतची अक्कलदाढ सुजली. दोन दिवस त्यानं गालावर हात ठेवून काम केलं. तिसऱ्या दिवशी मुजफ्फरनं त्याला अर्ध्या दिवसातच घरी पाठवलं, संध्याकाळी दातांच्या डॉक्टरकडं जाऊ म्हणाला. घरी कोणी नव्हतं. मैनाबाई वावरात, भगवानराव गाडीबैल घेऊन कापूस आणायला गेलेले. ओसरीत कापसाची गंजी लागली होती. रजतनं तिच्यातून चिमूटभर कापूस ओढला, सरकी काढली, बोळा केला, शमोलीनमध्ये चिंब भिजवला आणि दाढेखाली धरला.

प्यायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. तो प्यायला नाहीच. दाताला लावायला काय हरकत आहे, असं त्याला वाटलं असणार. आईच्या गालाची वीज तीन थेंबांनी विझते, मग दाढेचं ते काय.

मैनाबाई ओझं घेऊन आली तेव्हा तो गंजीला टेकून झोपलेला दिसला. पोट्टा आज लवकर आला, असं तिला वाटलं. तिनं ओझं उतरवलं, पाणी प्याली, त्याला हाक मारली. जवळ गेली. गाल फुगलेला होता. तिनं बोट घालून बोळा बाहेर काढला, आणि तो वास तिनं ओळखला. बाटली कोनाड्यात जागच्या जागी होती. झाकणही त्यानं नीट लावलं होतं.

पुढचं सगळं तिनं पाहिलं, ते पाण्याखालून पाहावं तसं. माणसं जमली, जीप आली, रजतला मारेगावला नेलं. पोलिसांनी बाटली नेली, बोळाही नेला. तिनं काय पाहिलं ते विचारलं, तिनं सांगितलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं, की विष दाढेतल्या जखमेतून चढलं, पोटात काही नाही. कागदोपत्री ते तिथंच मिटलं.

पण आमच्या भागात औषध हा शब्द जपून ऐकावा लागतो. खोकल्याला घेतात ते औषध, आणि कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारतात तेही औषधच. आणि अमक्यानं औषध घेतलं, असं कोणी आवाज उतरवून सांगितलं की ऐकणारा हातातलं काम खाली ठेवतो. पुढं काही विचारत नाही. रजत गेल्याची बातमी तशीच फिरली, की भगवानरावच्या पोरानं औषध घेतलं. बातमीतलं एकेक अक्षर खरं वाटावं असं होतं. दाढ, बोळा, अक्कलदाढेची सूज, एवढं सगळं कोण सांगत बसतं? एक पत्रकार येऊन सातबारा कोणाच्या नावावर आहे ते विचारून गेला.

मैनाबाई रडली नाही. मयतीला बायांनी तिला दोन्हीकडून धरलं, तिच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडल्या, ती उभी होती. माहेरच्या चुलत बहिणीनं पाठीवर थापट्या मारून रड व माय, रड, म्हणून पाहिलं. डोळे कोरडे. आडून कोणी म्हणालं, माय हाये का गोटा. ते तिला ऐकू आलं आणि तेही कुठं लागलं नाही. तिला एवढंच जाणवत होतं, की पायांना मुंग्या आल्या आहेत आणि कोणी बसू दिलं तर बरं होईल.

तिसऱ्या दिवशी, तिचा गाल पुन्हा पेटायच्या आधीच, भगवानराव कोणाला न सांगता यवतमाळला गेले आणि नवी बाटली घेऊन आले. पोराला ज्यानं नेलं तेच औषध त्यांनी बायकोच्या हातावर ठेवलं.  तिनं पेला घेतला, पाणी घेतलं, तीन थेंब टाकले आणि प्याली. मग चुलीकडं वळली. दिवस जाऊ लागले. सकाळ व्हायची, ती झाडायची, स्वयंपाक करायची, वावरात जायची. तिघांच्या भाकरी थापल्या जायच्या, एक उरायची, ती बैलाला जायची.

तेरवीनंतर मुजफ्फर आला. त्यानं रजतचा पाना आणि जेवणाचा डबा आणला होता. दोन्ही त्यानं ओसरीत खाली ठेवलं. मग मान खाली घालून म्हणाला, काकी, एक गोष्ट बोलू का, दुकानावर गिऱ्हाइकं बोलत असतात. मुकुटबनकडं लोक म्हणून राहिलेत की पोरीचं दुसरीकडं होतं, तिनं लग्नाला नाही म्हटलं, म्हणून रजतनं औषध घेतलं. पोरीचं सेतूवर जाणं बंद झालं आहे. तिच्या बापाशी कोणी नीट बोलत नाही. मी भांडलो, पण किती जणांशी भांडू?

मैनाबाईनं चहा ठेवला. चहा उतू गेला तरी ती बघत राहिली. मग म्हणाली, “मले जा लागते मुकुटबनले.”

पण जाऊन सांगायचं कसं? गावातल्या बायांना ती हेच रोज सांगत होती, घेतलं नाही, लावलं. त्या मान डोलवत आणि एकमेकींकडं पाहत. ज्या आईच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही, तिचं कोण खरं मानणार? लोकांना आधी पाणी दिसावं लागतं, मग शब्द ऐकू येतात. आपलं पाणी त्या थेंबांनी अडवून धरलं आहे, असं तिला वाटायला लागलं होतं. शीर झोपली तसं आतलंही काही झोपलं असेल. औषध थांबवलं तर ते जागं होईल. दुखेल, दुखू दे.

जायच्या आधी दोन दिवस तिनं पेल्यात नुसतं पाणी घेतलं. भगवानराव समोर बसून दात घासत होते. तिला वाटलं, त्यांनी पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गालावरून केस मागं सारताना वीज पडली. जुनी ओळखीची वीज. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि आता आतून आणखी काय येतं याची वाट पाहिली. रजतचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, बोळ्याचा वास आठवला. वीज ओसरली, आणि तिच्यामागं काहीच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं नवराबायको निघाली. वणीला गाडी बदलली. रस्ता खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला तिचा गाल पेटत होता. दुपट्टा दातांत धरून ती बसून राहिली.

सलोनीच्या वडिलांनी, शामरावांनी, त्यांना पाहिलं आणि ते खाटेवरून उठले, पण पुढं यावं का नाही ते त्यांना सुचेना. भांडायला आले असंच त्यांना वाटलं असावं. सलोनीची आई दारात येऊन थबकली. शेजारच्या बाया कामं टाकून कुंपणाशी आल्या. मैनाबाईला आत सतरंजीवर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला. तिनं वाटेत शब्द जुळवून ठेवले होते. ते सांगायच्या आधी रीत म्हणून तिनं पेला ओठाला लावला.

गार पाणी लागलं आणि सगळा चेहरा फाटल्यासारखा झाला. पेला हातातून पडला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, नाक वाहू लागलं, तोंड वाकडं झालं. ती गाल धरून पुढं वाकली आणि तिच्या गळ्यातून असा आवाज निघाला की कुंपणाशी उभ्या बायाही आत आल्या. सलोनीची आई तिच्या गळ्यात पडून रडली. शामरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले. वीज जरा उतरली तेव्हा मैनाबाईनं सगळ्यांच्या देखत तुटक तुटक सांगितलं.

“त्यानं औषध घेतलं नाई. त्याची दाढ सुजलती. माह्यं औषध त्यानं दाढेले लावलं. या पोरीचा काही दोष नाई. माह्या घरी लक्ष्मी येऊन राह्यलती.”

हे तिनं दोनदा सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, मायचं आतडं खोटं कायले बोलन? बाकीच्यांनी हुंकार भरला. मैनाबाईला कळलं की काम झालं. जसं तिनं ठरवलं होतं तसंच झालं होतं. त्या बायांच्या मध्ये बसून ती त्यांच्या ओल्या चेहऱ्यांकडं पाहत होती, आणि या कोणासाठी रडत आहेत ते तिला ठाऊक असूनही ते दूरच्या कोणाच्या घरचं वाटत होतं.

थोड्या वेळानं सलोनी तिला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. पोरगी वाळली होती. तिनं दार लोटलं, खिडकी लावून घेतली, वारा यायचा बंद केला. मग मैनाबाईच्या समोर बसली आणि हळूच म्हणाली, “आई, गाल दुखून राह्यला ना तुमचा? औषध नाई घेतलं आज?”

मैनाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

“ते मले सांगत होते,” सलोनी म्हणाली. “गार पाणी चालत नाई म्हणे आईले. मी माह्या आईले सांगायच्या आधीच तिनं पेला देऊन टाकला.”

“हाव,” मैनाबाई म्हणाली. “गालच दुखून राह्यला. रडू नाई ते. रडू येतच नाई व मले.”

सलोनीनं सतरंजीची दशी ओढली. मग म्हणाली, “मले बी नाई येत.”

 बाहेर बायांचा आवाज चालू होता. सलोनीनं मग सांगितलं, की त्या दुपारी रजतचा फोन आला होता. बोलता येत नाही म्हणून तो अर्धे शब्द गिळत होता आणि ती त्याला हसत होती. तिनं सांगितलं, लवंग धरा दाढेखाली. तो म्हणाला, लवंग कुठं ठेवते आई, सापडत नाही, पाहतो दुसरं काही. आणि फोन ठेवला.

लवंग कोनाड्यातच होती, मिसळणाच्या डब्यामागं, प्लास्टिकच्या डबीत. मैनाबाईला ती डबी डोळ्यांसमोर दिसली. तिनं ते सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, “तू कामावर जात जाय. घरी बसू नको.” सलोनीनं मान हलवली. उठताना तिनं वाकून पायाला हात लावला आणि मैनाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस तेलकट आणि गरम होते, हे तिला कळलं.

मुकुटबनच्या फाट्यावर गाडीची वाट पाहताना भगवानरावांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून तपकिरी बाटली काढली. पाण्याची बाटलीही त्यांनी सोबत आणली होती, उन्हात धरून कोमट केलेली. त्यातलं पेलाभर पाणी ठेवून त्यांनी त्यात थेंब मोजले. 

“घे,” ते म्हणाले. “झालं ना तुह्यं काम?”

“तुमाले ठाऊक होतं?”

त्यांनी तपकिरी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ती प्याली. गाडी आली तोवर गाल पुन्हा जड व्हायला लागला होता.

मुकुटबनमधली बोलणी हळूहळू थांबली. सलोनी कामावर जाऊ लागली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न राजुऱ्याकडं झालं. मैनाबाईला पत्रिका आली होती. ती गेली नाही, लुगडं पाठवलं. टेंभुरधऱ्यात मात्र अजूनही कोणी पाहुणा चौकशी करू लागला तर लोक तेच सांगतात, की त्यानं औषध घेतलं. मैनाबाईच्या कानावर पडलं तर ती हातातलं काम न थांबवता म्हणते, घेतलं नाई, लावलं. पाहुण्याला कळत नाही. ती समजावत बसत नाही.

बाटली आता भगवानरावांकडं असते. रोज सकाळी तेच थेंब मोजून देतात आणि पेला रिकामा होईस्तोवर समोर उभे राहतात.

यंदा उन्हाळ्यात यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, की आता एक नवी सोय झाली आहे. नागपूरला कानामागं छोटं छिद्र पाडून ती शीर कायमची सोडवतात. सरकारी योजनेत बसतं, खर्च लागणार नाही. मग हे विष घ्यायची गरजच उरणार नाही.

मैनाबाईनं विचारलं, की मग गालाला कळायला लागेल का? बाई म्हणाल्या, बहुतेक लागेल. आणि मन? ते जड झालं आहे, ते? बाई हसून म्हणाल्या, औषध बंद झालं की तेही मोकळं होईल हळूहळू, पहिल्यासारखं.

मैनाबाई खुर्चीच्या दांड्यावरून बोट फिरवत राहिली. भगवानराव तिच्याकडं पाहत होते. बाहेर नंबर लागलेले लोक दारातून डोकावत होते.

“आता नाई बाई,” ती म्हणाली. “हेच लिहून द्या.”

बाईंनी एकदा भगवानरावांकडं पाहिलं, मग लिहून दिलं. दोघं औषधाच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभी राहिली.